अन्सार मिस्त्रीचे कान

अन्सार मिस्त्रीला एका जागी पंधरा मिनिटं बसवणं त्याच्या बायकोला अडतीस वर्षांत जमलं नाही. ते काम पाखरांनी केलं. दर फेब्रुवारीत, शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस, हा माणूस जठारपेठेतल्या आपल्या घरामागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर गुमान बसे, आणि सुरैय्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघून मनातल्या मनात अल्लाचे आभार मानी. नियम सोपे होते. निदान पंधरा मिनिटं बसायचं, जे पाखरू दिसेल किंवा ऐकू येईल ते लिहायचं, आणि एका वेळी जास्तीत जास्त किती होती तोच आकडा धरायचा. ना पगार, ना बक्षीस. देशोदेशीचे लोक त्या चार दिवसांत आपापल्या अंगणात बसून हेच करतात, असं त्याच्या मुलीनं, तहरीमनं सांगितलं होतं. ती अमरावतीला शाळेत शिकवते. अकोला-अमरावतीच्या पाखरंवाल्यांचा चारशे जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात तिनंच बापाला ओढलं. कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाल्यावर तो घरातला एकही नळ धड राहू देत नव्हता, म्हणून.

यंदा त्याचा पाचवा हिवाळा. आणि यंदा त्याला खुर्चीवर बसवेना. शुक्रवारी सकाळी पंधरा मिनिटांत तो चारदा उठला. एकदा शेवग्याखाली गेला, एकदा नळाशी, आणि दोनदा नुसताच भिंतीपर्यंत जाऊन परत आला. भिंतीपलीकडे नत्थुजीचं अंगण होतं. तिकडे बघायचं नाही असं ठरवून बसलं की मान तिकडेच वळते.

मिस्त्री पाखरं मोजायचा ती कानांनी. एकेचाळीस वर्षं त्यानं जिनिंगमध्ये फिटरचं काम केलं होतं. कापसातून सरकी वेगळी करणारी मशीनं एका शेडमध्ये चोवीस-चोवीस धडधडत असत, शेजारच्या माणसाशी हातवाऱ्यांनी बोलावं लागे. अशा गोंगाटात मिस्त्री दारातूनच सांगे, "सात नंबरचं बेअरिंग कोरडं चालून राह्यलं." उघडून बघावं तर सातचंच. रिटायर झाल्यावर तेच कान पाखरांना लागले. आधी कान, मग डोळे, हा त्याचा कायदा. ग्रुपातली तरुण मंडळी गळ्यात दुर्बिणी अडकवून यायची, पानं न् पानं धुंडाळायची, आणि हा चहाचा घोट घेत सांगायचा, तांबट, समोरच्या पिंपळावर. चष्मेवाले, पेरूत, सात-आठ असतील. मग ती मंडळी तिकडे दुर्बीण वळवायची आणि पाखरू तिथं असायचं. कानांचं हे कौतुक मिस्त्रीला फार गोड लागे, हे आपण कबूल केलेलं बरं.

त्यातही चष्मेवाला त्याचा लाडका. अंगठ्याएवढं हिरवट-पिवळं पाखरू, डोळ्याभोवती पांढरं कडं, थव्यानं येतं आणि पानाआड एकसारखं बारीक किणकिणत असतं. पहिल्या हिवाळ्यात मिस्त्रीच्या यादीत नऊ चष्मेवाले होते. दुसऱ्या वर्षी सात. तिसऱ्या वर्षी दोन. मागच्या फेब्रुवारीत एकही नाही. फुलांतला मध पिणारा इवलासा शिंजीरही नाही.

मिस्त्रीची झोप उडाली होती तेव्हा. मशीन बिघडलं तर कारण असतंच, आणि ते शोधून काढल्याशिवाय हा जेवत नसे. त्यानं कारण शोधलं, आणि ते भिंतीपलीकडेच सापडलं.

नत्थुजी चांदूर रेल्वेकडचा संत्र्याचा शेतकरी. पोरांच्या शिक्षणासाठी वीस वर्षांपूर्वी अकोल्यात घर घेतलं, पोरं शिकून पांगली, हा आणि बायको कौशल्याबाई इथंच राहिली. शेत अजून होतं, पण मन भरत नव्हतं म्हणून त्यानं अंगणातही एक संत्र्याचं झाड लावलं, आणि लेकरासारखं वाढवलं. सुरैय्याही चांदूर रेल्वेची. तिची उर्दूसुद्धा वऱ्हाडी वळणाची. गाववाला म्हणून ती नत्थुजीला भाऊ म्हणे. दर हिवाळ्यात टोपलीभर संत्री भिंतीवरून इकडे येत, कौंडण्यपूरच्या यात्रेहून आणलेल्या रेवड्या येत. आणि नत्थुजी ज्या पंपानं झाडावर औषध फवारायचा, त्या पंपाचा वॉशर मिस्त्रीच बदलून देई.

मागच्या फेब्रुवारीत मिस्त्रीनं त्याच पंपाकडे बोट दाखवलं. अंगणात उभं राहून मोबाईलवर बोलला आणि ग्रुपात पाठवून दिलं, की ऐका लोकहो, कसं सुनंसुनं झालं, फवाऱ्यानं पाखरं खाल्ली. तिथवर ठीक होतं, नाव नव्हतं घेतलं. पण दिवाळीनंतर अमरावतीत ग्रुपची सभा झाली, मिस्त्रीच्या हाती माइक दिला गेला, आणि माइक हाती आला की भल्याभल्यांचं होतं तेच त्याचं झालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. नत्थुजीचं नाव, गल्ली, सगळं बोलून मोकळा झाला. कोणी तरी त्याचं शूटिंग केलं. आठ दिवसांत जठारपेठेतल्या किराणा दुकानात लोक नत्थुजीला विचारू लागले, "काहो, तुमीच का ते पाखरं मारनारे?"

नत्थुजी भांडायला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, मिस्त्रीनं आवाज चढवला असता, आठ दिवस बोलाचाल बंद राहिली असती आणि मग सगळं विसरलं गेलं असतं. नत्थुजीनं पंप खुंटीला टांगला, यात्रेला गेला नाही, संत्र्याची टोपली पाठवली नाही, आणि भिंतीवर एका थाळीत ज्वारी आणि एका वाटीत पाणी ठेवू लागला. त्यानं ते खरं मानलं होतं. औषध बंद झालं तसं झाडावर कोळशी आली, पानं काजळीनं माखल्यासारखी काळी झाली. तो ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसत बसायचा. भिंतीवरून फक्त त्याचा हात आणि फडकं दिसायचं, आणि ते दिसलं की मिस्त्री घरात जायचा. मी खरं तेच बोललो, असं तो स्वतःला दिवसातून दहादा सांगे. खऱ्याला इतकं सांगावं का लागतं, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही.

तर त्या शुक्रवारी मिस्त्रीच्या यादीत कावळे, होले, बुलबुल आणि सातभाई झाले होते, आणि चष्मेवाल्यापुढे त्यानं शून्य लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात पलीकडे धुणं वाळत घालणारी कौशल्याबाई भिंतीशी आली. तीन महिन्यांत ती या घराशी एक शब्द बोलली नव्हती. आजही ती मिस्त्रीशी नाही, खिडकीतल्या सुरैय्याशी बोलली.

"वहिनी, तुमची पाखरं पाहा ना. फटफटलं तवापासून संत्र्यात नुस्तं किणकिण लावून राह्यली."

सुरैय्या हात पुसत बाहेर आली, क्षणभर थांबली आणि तिचा चेहराच फुलला. "हाव की! अजी, ऐका ना, आली पाखरं."

मिस्त्रीला वाटलं दोघी मिळून टिंगल करतायत. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. तो तरातरा गेला, भिंतीशी स्टूल टाकलं आणि वर चढला. संत्र्याला बहार आला होता, काळ्या पानांतही पांढरी फुलं निघाली होती. आणि फुलांत चष्मेवाले होते. दोन हातांवर. त्यानं मोजले, सहा. त्यातला एक अगदी समोरच्या काडीवर बसला होता. त्याची चोच उघडत होती, मिटत होती, गळ्यावरची पिवळी पिसं थरथरत होती. आणि आवाज नव्हता. दूर रस्त्यावरचा ट्रक ऐकू येत होता, होला घुमत होता तो ऐकू येत होता. समोरचं पाखरू मात्र मुकं होतं.

"ऐकलं ना?" खालून सुरैय्यानं विचारलं.

"हाव," मिस्त्री म्हणाला.

पलीकडे नत्थुजी फडकं हातात घेऊन उभा होता. तीन महिन्यांत तो वाळला होता. त्यानं वर मिस्त्रीकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमचं खरं होतं, मिस्त्री. फवारा बंद केला अन् पाखरं वापस आली. लय पाप झालं माह्या हातून."

मिस्त्री स्टुलावरून उतरला तो सरळ घरात गेला. जुम्म्याच्या नमाजातही त्याचं चित्त लागलं नाही. घरी येऊन त्यानं दोन नळ उघडून परत बसवले, पंख्याची पाती काढून पुसली, आणि तीन वाजता सुरैय्यानं पाना त्याच्या हातून काढून घेतला. "काय होऊन राह्यलं तुमाले? सकाळपासून मशीनीत बोट अडकल्यावाणी करता."

शनिवारी वॉशर आणतो म्हणून तो बाहेर पडला आणि कानाच्या दवाखान्यात गेला. तपासणारी मुलगी पायल नावाची होती, तहरीमहूनही लहान. तिनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा, म्हणाली. मिस्त्रीनं सुरुवातीला दाबलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. त्यानं काचेतून बघितलं, तर पायल एकामागून एक कळा दाबत होती आणि त्याच्याकडे बघत होती. बटणावरचा त्याचा अंगठा घामानं ओला झाला.

बाहेर आल्यावर तिनं कागद दाखवला. रेघ डावीकडून सरळ आली होती आणि मध्यावर एकदम खाली पडली होती.

"काम काय करत होते, काका?"

"जिनिंगमध्ये फिटर. एकेचाळीस वर्षं."

"कानात काही घालत होते?"

"बाकीचे लोक घालत. कापसाचे बोळे." मिस्त्रीनं कागदाकडे बघतच सांगितलं. "मी नाई घातले. मी बोळे घातले असते तर मशीन कोणी ऐकलं असतं?"

पायलनं कागदावरच्या रेघेवर बोट ठेवलं. मग तिनं समजावलं, की असे कान एका दिवसात जात नाहीत. बारीक, उंच आवाज आधी जातात, जाडे आवाज राहतात, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला सगळं ऐकू येतं. चार-पाच वर्षं तरी झाली असतील. कानाला मशीन लावलं तर थोडा फरक पडेल.

परत येताना तो घराची गल्ली ओलांडून पुढे गेला आणि लक्षात आल्यावर मागे फिरला. नऊ, सात, दोन, शून्य. पाखरांची म्हणून लिहिलेली ती उतरण त्याच्या कानांची होती की काय? पण माणसाचं मन मोठं वकील असतं. संध्याकाळपर्यंत त्यानं एक फट शोधली. कान गेले, मान्य. पण पाखरंही गेली नसतील कशावरून? दोन्ही खरं असू शकतं. फवारा काही अमृत नव्हता. फवारा बंद झाला, पाखरं आली, नत्थुजी स्वतःच म्हणतो. मग कानांची गोष्ट कोणाला सांगायची गरज काय? हा विचार त्यानं रात्रभर धरून ठेवला, आणि झोप तरीही आली नाही.

रविवारी सकाळच्या बसनं तहरीम आली ती मोठ्या आनंदात. सुरैय्यानं फोनवर बातमी दिली होती आणि ग्रुपात उत्सव चालला होता. मिस्त्रींचा विजय, कोणी लिहिलं. एका माणसाच्या बोलण्यानं पाखरं परतली, दुसऱ्यानं लिहिलं. तहरीमला त्यावर चांगलं टिपण करून टाकायचं होतं.

"अब्बा, आधी तुमचं मागच्या वर्षीचं बोलणं लावते, सुनंसुनं झालं ते. मग आज संत्र्याजवळ नवीन करू. लोकाईले फरक कळंल."

तिनं मोबाईल काढला, मागच्या फेब्रुवारीतलं ते शोधलं आणि लावलं. मिस्त्रीचा आवाज अंगणात घुमला. ऐका लोकहो, कसं सुनंसुनं झालं. तहरीम हसत ऐकत होती. मग ती हसायची थांबली. तिनं ते मागे नेऊन पुन्हा लावलं, मोबाईल कानाशी धरला, आणि तिसऱ्यांदा लावलं.

"अब्बा," ती हळू म्हणाली, "तुमच्या मांगं हे काय वाजून राह्यलं?"

मिस्त्रीला कळलं. त्याला ऐकू आलं नाही, पण कळलं. ज्या अंगणात उभं राहून त्यानं पाखरं मेल्याचं जगाला सांगितलं, त्याच अंगणात, त्याच्याच पाठीमागे, चष्मेवाले किणकिणत होते. चारशे लोकांनी ते ऐकलं होतं. एकालाही संशय आला नाही, कारण बोलणारा अन्सार मिस्त्री होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथं तर कळसा सगळ्या गावानं बघितला होता.

त्यानं खिशातून दवाखान्याचा कागद काढून मुलीच्या हातात दिला. तिनं तो वाचला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाई सांगत कोणाले," ती म्हणाली. "टिपणच नाई टाकत. लोक विसरून जातात, अब्बा."

"नत्थुजी विसरंल का?" मिस्त्री म्हणाला आणि तिच्या हातून मोबाईल घेतला.

भिंतीला वळसा घालून नत्थुजीच्या फाटकात जायला एक मिनिट लागतं. मिस्त्रीला तीन महिने लागले होते. नत्थुजी झाडाखाली पानं पुसत होता, कौशल्याबाई ओट्यावर गहू निवडत होती. त्याला बघून दोघांचेही हात थांबले.

"नत्थुजी, एक ऐकवतो. मंग काय म्हणाचं ते म्हणा." त्यानं बटण दाबलं.

नत्थुजीचा चेहरा उतरला. "हे तर तुमचंच बोलणं हाये, मांगच्या सालचं. कितीकदा ऐकवता, मिस्त्री? कबूल केलं ना मी."

"माह्यं बोलणं सोडा. त्याच्या मांगचं ऐका. मले ते ऐकू येत नाई."

नत्थुजीनं मोबाईल कानाशी नेला. कौशल्याबाई उठून जवळ आली. "पाखरं हायेत ना हे," ती म्हणाली. "हेच, आताचेच."

"मांगच्या फेब्रुवारीतले हायेत, वहिनी. तुमी फवारत होते तवाचे." "पाखरं कुठीच गेली नव्हती. माहे कान गेले. मशीनीपायी गेले, अन् मी तुमच्यावर ढकललं."

नत्थुजीनं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं.

"सकाळी उठलो का पयले मी ह्या झाडाखालचा पाला उलटा करतो," तो म्हणाला. "तीन महिने. मेलेलं पाखरू पाहाले. एक नाई सापडलं. तरी वाटे, मांजरानं नेलं असंल. मुंग्याइनं खाल्लं असंल. रातच्याले हिले विचारो, किती मारले असतीन मी." त्यानं मिस्त्रीकडे बघितलं. "अन् तुमी भिंतीपल्याड बसून होते."

"मले माफ करा, भाऊ."

"माफीचं मंग पाहू. तुमी माह्यं नाव माइकवर घेतलं होतं. आता उतरवाचं बी तसंच."

मिस्त्री तिथंच उभा राहिला, नत्थुजीच्या संत्र्याखाली, आणि मोबाईल तोंडाशी धरला. "मी अन्सार, जठारपेठ," तो म्हणाला. "नत्थुजीच्या फवाऱ्यानं पाखरं गेली असं मी सभेत बोललो. ते खोटं होतं. पाखरं इथंच होती. मी बहिरा झालो, ते मले कळलं नाई. मांगचं बोलणं पुन्हा ऐका, त्याच्यातच पाखरं हायेत. माह्या मांगच्या दोन वर्षांच्या याद्या खोडून टाका. नत्थुजीची माफी मागतो." त्यानं ते पाठवलं आणि घरी आला. नत्थुजीनं त्याला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ग्रुपात तासभर कोणी काही लिहिलं नाही. मग एकेक जण हात जोडू लागला, आणि मिस्त्रीनं मोबाईल पालथा घालून ठेवला.

सोमवारी, शेवटच्या दिवशी, तहरीम शाळेसाठी पहाटेच निघून गेली होती. जाताना म्हणाली, जे दिसंल तेवढंच लिहा. मिस्त्री खुर्चीवर बसला. मांडीवर कागद, हातात पेन. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळेना की बघायचं कुठं. कान सांगत नव्हते, आणि डोळे सगळ्या झाडांवरून नुसते भटकत होते. पाच मिनिटांत तो दोनदा उठला. कागदावर एक कावळा आणि तीन होले झाले होते. तिसऱ्यांदा उठला तो खुर्ची उचलून आत न्यायलाच.

तेव्हा भिंतीवरून हात वर आला. नत्थुजीचा, तोच, काजळीनं बोटं काळी झालेला. आज फडकं नव्हतं. मिस्त्रीला वाटलं बोलावतोय. पण बोट त्याच्याकडे नव्हतं, संत्र्याच्या डावीकडच्या फांदीकडे होतं. त्यानं तिकडे बघितलं. पानाआड पांढऱ्या कड्याचा एक डोळा दिसला, मग दुसरा, मग तिसरा. त्यानं तीन लिहिलं. हात खाली गेला. थोड्या वेळानं पुन्हा वर आला, आता पेरूकडे, मिस्त्रीच्याच अंगणातल्या. पेरूत शिंजीर लटकत होता, चोच उघडी. दोन वर्षं त्याच्या डोक्यावर तो असाच ओरडत असणार.

मिस्त्री खाली बसला. भिंतीपलीकडून शब्द येत नव्हता. नत्थुजीच्या मनातून ते अजून गेलं नव्हतं, जायलाही नको होतं इतक्यात. पाखरांची नावं त्याला ठाऊक नव्हती. जिथून बारीक आवाज येई तिकडे तो बोट करी, आवाज थांबला की हात खाली घेई. वर, खाली. मिस्त्री बोटामागं डोळे नेत होता आणि लिहीत होता. मग ऊन संत्र्यावर आलं, बहारात हालचाल वाढली, आणि हात वर गेला तो वरच राहिला.

मिस्त्री तो हात खाली येण्याची वाट बघत होता. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. हात दुखला तसा नत्थुजीनं दुसऱ्या हातानं कोपर धरलं, पण खाली घेतला नाही. पाखरं थांबतच नव्हती. मिस्त्रीचं पेन हातातच राहिलं. तो त्या हाताकडे बघत बसून राहिला, आणि त्याच्यासाठी अंगणात काहीच वाजत नव्हतं.